भुताची जात आणि मेलेल्याचा हिशोब

पूर्व उपनगरातल्या आमच्या वस्तीला लागून एक जुनं सिंगल स्क्रीन थिएटर आहे. स्टॉल, बाल्कनी, मध्यंतरातले समोसे, गेटवरचे ब्लॅकवाले, हे सगळं माझ्या लहानपणी मी तिथे पाहिलंय. मल्टिप्लेक्स आले तसं ते रडतखडत चाललं आणि एक दिवस बंद झालं. आता गेटला साखळी आहे, छपराचे पत्रे गंजलेत आणि पोस्टरच्या चौकटीत पिंपळ उगवलाय. त्या पिंपळावर मुंजा राहतो, असं पोरं एकमेकांना सांगतात. तोवर ठीक होतं. पिंपळ आला की मुंजा येणारच, हे आपल्याकडच्या गोष्टींचं जुनं व्याकरण आहे.

पण काही महिन्यांपूर्वी चार तरुण रात्री कुंपणावरून आत शिरले. त्यांच्याकडे नाइट व्हिजन कॅमेरा होता, दिवे लागणारं एक मीटर होतं आणि खरखर करणारा एक डबा होता. त्यांनी केलेल्या ‘पॅरानॉर्मल इन्व्हेस्टिगेशन’चा व्हिडिओ आठवड्याभरात वस्तीतल्या प्रत्येक मोबाईलवर पोहोचला. व्हिडिओत निवेदक दबक्या आवाजात सांगतो की इथल्या शौचालयात एक ‘सफाईवाला’ मेला होता, त्याचा आत्मा अजून भटकतो, आणि तो जवळ आला की घाण वास येतो. मग मीटरचा लाल दिवा पेटतो. खरखरणाऱ्या डब्यातून काहीतरी आवाज येतो आणि खाली अक्षरं उमटतात : ‘पानी’.

तो सफाईवाला खरा होता. त्याची विधवा आमच्या वस्तीत तिसऱ्या गल्लीत राहते. तिची नात सहावीत आहे. व्हिडिओ आल्यावर वर्गातली मुलं तिला ‘भुताची नात’ म्हणू लागली, तिच्या बाकावर बसेनात आणि नाक दाबून दाखवू लागली. पोरीने आठ दिवस शाळा बुडवली. प्रकरण माझ्यापर्यंत आलं ते असं.

अशा वेळी आपली चळवळ जे करते तेच मी केलं. रविवारी विहारात प्रबोधनाचं व्याख्यान ठेवलं. विषय अर्थातच, ‘भूत असतं का?’ मी तयारी करून गेले होते. ते मीटर म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजायचं साधं यंत्र आहे, ते जुन्या वायरिंगजवळही पेटतं आणि खिशातल्या मोबाईलमुळेही पेटतं, हे सांगितलं. खरखरणारा डबा रेडिओचे बँड भराभर बदलत राहतो, त्यामुळे निरनिराळ्या स्टेशनांवरच्या आवाजांचे तुकडे कानावर पडतात आणि आपला मेंदू त्यांतून शब्द जुळवतो, हेही सांगितलं. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या विक टँडी या अभियंत्याची गोष्ट सांगितली. त्याच्या प्रयोगशाळेत लोकांना भीती वाटायची, डोळ्यांच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. शेवटी कारण निघालं एक पंखा. सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा आवाज तो काढत होता. टँडीने १९९८ साली त्यावर निबंध लिहिला. पडक्या इमारतीत गव्हाणी घुबड राहतं आणि त्याचं ओरडणं बाईच्या किंकाळीसारखं असतं, हे सांगितल्यावर पोरं हसली. वास का येतो, यावर मी म्हटलं की जुन्या शौचालयाचं चेंबर उघडं पडलंय, वास येणार नाही तर काय होईल? टाळ्या मिळाल्या.

मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. सगळे पांगल्यावर त्या जवळ आल्या. जालन्याकडच्या आहेत, मुंबईत तीस वर्षं काढली तरी बोली गेलेली नाही. म्हणाल्या, “पोरी, भूत नसतं हे तू लई चांगलं सांगितलंस. मला बी ठावं हाय. दीक्षा घेतलेल्या घरातली हाय मी. अन् माझा नवरा हिंदी कवा बोलला गं? पन भूत न्हाई म्हनलीस, वास चेंबरचा हाय म्हनलीस, मंग त्यो त्या चेंबरात मेला कसा, ते कुनी सांगंल का न्हाई?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तासभर मी त्या थिएटरातल्या वासाचं, आवाजाचं, दिव्यांचं शास्त्रशुद्ध स्पष्टीकरण देत होते, आणि मेलेल्या माणसाबद्दल एक वाक्यही बोलले नव्हते. ते चार तरुण त्याला भूत म्हणाले. मी म्हणाले, तिथे काहीच नाही. तो माणूस होता, हे आम्हा दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. हा लेख त्या चुकीतून लिहिते आहे.

आधी एक प्रश्न. आपल्या भुतांना जात का असते? १९१५ साली आर. ई. एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने कोकणातल्या लोकसमजुतींची टिपणं पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ती माहिती जमवली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी, ठिकठिकाणच्या शाळामास्तरांकडून. हे जॅक्सन म्हणजे नाशिकचे कलेक्टर. योगायोग असा की २१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या एका थिएटरातच, नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आले असताना. असो. त्या टिपणांतली भुतांची यादी म्हणजे वर्णव्यवस्थेचा तक्ताच आहे. मुंजा हा मुंज झालेल्या पण लग्नाआधी मेलेल्या ब्राह्मण मुलाचा. देवचार शूद्राचा. चेडा महाराचा. बाळंतपणात मेलेल्या बाईची निराळी भुतं, तीही बहुतेक दुष्ट. म्हणजे मेल्यावरही पायरी सुटत नाही. जिवंतपणी ज्याला गावात जागा नाही, त्याला मेल्यावरही मुक्काम गावाबाहेरच. वर त्याची भीती जास्त, कारण त्याच्या सावलीची भीती आधीपासून होतीच.

आता त्या व्हिडिओतलं वाक्य पुन्हा वाचा. ‘तो जवळ आला की घाण वास येतो.’ थिएटरचा मालक तिथे मेला असता तर त्याच्या भुताला अत्तराचा वास आला असता, खुर्चीवर बसून सिनेमा पाहणारी सभ्य आकृती दिसली असती. ऑपरेटर मेला असता तर रिकाम्या प्रोजेक्शन रूममध्ये मशीन आपोआप चाललं असतं. मेला सफाई कामगार, म्हणून भुताला वास. नाक दाबणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवलं नाही, त्यांनी ते आपोआप उचललं. अस्पृश्यता संविधानाच्या १७ व्या कलमाने नष्ट झाली असं आपण परीक्षेत लिहितो. ती भुताच्या गोष्टीत शिरून परत वर्गातल्या बाकावर येऊन बसते, ती अशी.

मुंबईतल्या ‘झपाटलेल्या’ जागांची यादी काढून पाहा. अंधेरीला सीप्झच्या आवारात संत जॉन बाप्टिस्टच्या जुन्या चर्चचे अवशेष आहेत. पोर्तुगीज काळातलं, सोळाव्या शतकातलं चर्च. १८४० च्या सुमारास साथ आली, माणसं मेली, वस्ती हलली, चर्चही सोडून द्यावं लागलं. पुढे आजूबाजूला औद्योगिक वसाहत आली आणि त्या भिंती कुंपणाच्या आत गेल्या. इंटरनेटवर ती जागा भुतांची म्हणून सांगतात. पण मरोळच्या परिसरातल्या ईस्ट इंडियन लोकांसाठी, म्हणजे आपल्यासारखंच मराठी बोलणाऱ्या इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांसाठी, ते त्यांच्या पूर्वजांचं देऊळ आहे. वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते. ज्यांची माणसं तिथे पुरली गेली त्यांना त्या जागेची भीती वाटत नाही. भीती वाटते ती बाहेरून रात्री कॅमेरा घेऊन येणाऱ्याला, ज्याला तिथल्या एकाही मेलेल्याचं नाव माहीत नाही.

कुलाब्याची मुकेश मिल घ्या. शूटिंगसाठी प्रसिद्ध आणि भुतांसाठीही प्रसिद्ध. त्या मिलवर ‘हॉन्टेड’ म्हणून किती व्हिडिओ आहेत ते मोजा, आणि त्यांतल्या कितींत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाचा उल्लेख आहे तेही मोजा. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या बंद पडल्या, लालबाग-परळची हजारो घरं बसली. त्या कामगारांत आपलेही लोक होते, आणि आपल्याच लोकांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आमच्या थुंकीचा विटाळ होई. बाबासाहेबांनी हा प्रश्न त्या काळातल्या कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. एवढा इतिहास ज्या भिंतींत आहे तिथे लोक मीटर घेऊन विचारतात, ‘कोई है यहाँ?’ होतं की! हजेरीपटावर नावं होती. ती कुणाला नको आहेत.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक जमले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. चारच दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवलं. लोकसमजुतीच्या हिशोबाने पाहिलं तर यापेक्षा ‘झपाटलेली’ जागा उपनगरात दुसरी नसावी. अकाली मृत्यू, निरपराध मृत्यू, न्याय न मिळालेले मृत्यू, सगळं तिथे आहे. पण रमाबाई नगरातून रात्री जाताना कुणाला भूत दिसल्याचं तुम्ही ऐकलंय? मी ऐकलेलं नाही. कारण तिथे शहिदांची नावं आहेत. दरवर्षी ११ जुलैला लोक जमतात, अभिवादन करतात. घोगरेंची गाणी आजही गायली जातात, आनंद पटवर्धनांनी त्यांच्यापासून सुरुवात करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला, तो २०११ साली आला. ज्या मृत्यूची आठवण समाज उघडपणे, नावानिशी ठेवतो, त्याचं भूत होत नाही. ज्याची आठवण दाबली जाते, तो अफवा होऊन परत येतो. समाजशास्त्राच्या पुस्तकात हे मी अवघड शब्दांत वाचलं होतं. कळलं मावशींच्या प्रश्नाने.

आता मावशींच्या नवऱ्याबद्दल. नाव लिहीत नाही, कारण अर्ज अजून चालू आहे आणि ते कधी जाहीर करायचं हा त्यांचा अधिकार आहे. सन २००३. थिएटर चालू होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दीच्या दिवशी शौचालयाचं चेंबर तुंबलं. ठेकेदाराने सांगितलं, खेळ सुटायच्या आत मोकळं कर. मास्क नाही, दोर नाही. झाकण काढलं, खाली उतरले, वायूने गुदमरले. वर शेवटचा रीळ चालू होता. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली. ठेकेदाराने वीस हजार रुपये दिले आणि एका कागदावर मावशींचा अंगठा घेतला. त्या कागदावर काय होतं ते त्यांना आजवर माहीत नाही.

हे २००३ चं प्रकरण आज जुनं झालं का? कायद्याने नाही. २०१३ साली हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध केंद्राचा नवा कायदा झाला आणि तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी. २७ मार्च २०१४ ला सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला : १९९३ पासून गटारात, मॅनहोलमध्ये, सेप्टिक टँकमध्ये मेलेल्या प्रत्येकाचं कुटुंब शोधा आणि १० लाख रुपये द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम ३० लाखांवर नेली. ‘खासगी जागा होती, ठेकेदाराचा माणूस होता’ ही सबबही चालत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने शासनालाच प्रत्येकीला १० लाख देण्याचा आदेश दिला.

म्हणजे त्या थिएटरात जे ‘भटकतंय’ ती एक थकबाकी आहे. तिच्यावर आत्मा म्हणून व्हिडिओ निघाला, पैसे कुणाला तरी मिळाले असतील. मावशींना एक दमडी मिळालेली नाही.

त्याच २०१३ च्या डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याआधी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. त्या कायद्याच्या अनुसूचीतला पहिलाच मुद्दा भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाचा आहे : बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. हा कायदा मोलाचा आहे आणि त्यासाठी एका माणसाने जीव दिलाय हे आपण विसरता कामा नये. पण अंगात भूत शिरलं म्हणून कुणाला मारणं आणि एका मेलेल्या दलित माणसाला भूत करून त्याच्या नातीला शाळेबाहेर काढणं, यांतला दुसरा प्रकार असा आहे की त्यात काठी दिसत नाही, त्यामुळे गुन्हाही दिसत नाही. तिथे कायद्यापेक्षा आपण वस्तीत काय बोलतो याला जास्त महत्त्व आहे.

काही जण म्हणतील, ताई, पोरांची करमणूक आहे, एवढं काय मनावर घेता? भुताच्या गोष्टी मलाही आवडतात. आजीने सांगितलेली हडळीची गोष्ट मी अजून विसरलेले नाही. पण ‘इन्व्हेस्टिगेशन’ म्हणजे तपास. हा शब्द वापरलात तर मग तपास करा. मेला कोण? कधी? कुणी उतरवलं त्याला? नोंद कुठे आहे? हे चार प्रश्न विचारायला रात्रीचे बारा वाजायची गरज नाही. सकाळी अकराला तिसऱ्या गल्लीत आलात तर मावशी चहा देऊन सगळं सांगतील.

काही आपलेच कार्यकर्ते म्हणतील, खासगीकरण, आरक्षण, शिष्यवृत्त्या असे प्रश्न असताना भुतांवर कसला लेख लिहिता? त्यांना एवढंच विचारते की आपल्या वस्त्यांत किती दारांवर लिंबू-मिरची टांगलेली आहे? बाळ रडायचं थांबेना तर दवाखान्याआधी अंगारा किती घरांत लावतात? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान नाकारण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्या मागचा विचार असा की मेलेल्याचा आत्मा कुठे अडकून बसत नाही, त्याला पोहोचवायला मध्यस्थ लागत नाही. बुद्धाने आत्मा नाकारला आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये तो विचार ठामपणे मांडला. आपण पिंडदान सोडलं, भटजी सोडला, पण भिती मात्र सोडली नाही. आणि जे सोडलं असं म्हणतो तेही माझ्यासारखं अर्धंच सोडलं : ‘भूत नसतं’ एवढं बोलून थांबलो. आत्मा नाही याचा अर्थ मेलेल्याचं आपण काही देणं लागत नाही, असा होत नाही. उलट, वर कुठे न्याय होणार नसेल तर तो इथेच, जिवंत माणसांनी करायचा असतो.

आता पुढचं. नातीच्या शाळेत मी आणि मावशी दोघी गेलो. वर्गशिक्षिकेने मुलांना समोर बसवून मावशींना बोलायला सांगितलं. मावशींनी भुताबद्दल काहीच सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं की तुमच्या मैत्रिणीचा आजोबा सकाळी पाचला उठायचा, त्याला शिट्टी छान यायची, आणि थिएटर बंद झालं की तो एकटा रिकाम्या हॉलमध्ये पुढच्या खुर्चीवर बसून डबा खायचा. एका मुलाने विचारलं, त्यांना सिनेमा फुकट बघायला मिळायचा का? मावशी हसल्या. पोरगी आता शाळेत जाते. सगळं मिटलं असं म्हणणार नाही, पण जाते.

भरपाईचा अर्ज आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात दिला आहे. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले मृत्यूचा दाखला आणि शवविच्छेदनाचा अहवाल सोबत जोडले. अकस्मात मृत्यूच्या नोंदीची प्रत माहितीच्या अधिकारात मागितली आहे. पहिल्या खेपेला उत्तर मिळालं की जुनं रेकॉर्ड सापडत नाही. आम्ही अपील केलं आहे. येत्या स्मृतिदिनी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, तिथे त्यांचं पूर्ण नाव मावशींच्या संमतीने फलकावर लिहिलं जाईल.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या भागात एखादं बंद थिएटर, गिरणी, पडकी चाळ ‘झपाटलेली’ म्हणून सांगितली जात असेल, तर तिथे कोण मेलं याची चौकशी करा. १९९३ नंतर गटारात किंवा टाकीत कुणाचा मृत्यू झाला असेल तर कुटुंबाला गाठा. मृत्यूचा दाखला, पोलिसांतली नोंद, शवविच्छेदनाचा अहवाल, कामावर असल्याचा कुठलाही पुरावा, अगदी सहकाऱ्याचा जबाबसुद्धा, जमवायला मदत करा. भुताला शोधायला मीटर लागतं म्हणतात. या कामाला एक वही आणि चिकाटी पुरते.

जय भीम.